खाली घ्या

बाबांनी मला भंडाऱ्याला शिकायला पाठवलं ते एका अटीवर. अट त्यांनी जेवताना सांगितली, ताटातल्या भाताकडे बघत. "गावातून एक शब्द जरी माझ्या कानावर आला, तं त्या दिवशी कॉलेज बंद." माय चुलीपुढे बसली होती. तिने विचारलं, "कोनता शब्द?" "कोनताबी," बाबा म्हणाले आणि डाळ मागितली. मी हो म्हटलं. तेव्हा मी कशालाही हो म्हटलं असतं. बारावी होऊन एक पावसाळा घरात गेला होता, डी.एड.ला नंबर लागला नव्हता आणि मामाने लाखनीकडचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. त्यात कोणीतरी सांगितलं की भंडाऱ्यात सामुदायिक महाविद्यालय निघालं आहे, तिथे अॅम्बुलन्सवर काम करणारी माणसं तयार करतात. मुलींनाही घेतात. बाबांना 'सिस्टर' समजत होती. अॅम्बुलन्सवरची मुलगी म्हणजे काय, हे त्यांना समजत नव्हतं. गावालाही नाही.

आमचं गाव करडीच्या अलीकडे, मोठ्या बोडीच्या पायथ्याशी. बोडी म्हणजे तळंच, पण धानासाठी बांधलेलं. खालच्या सगळ्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, तिच्या पाण्यावर जगतात. पाळीच्या, म्हणजे तळ्याच्या बांधाच्या, बाजूला हिंदू शेतकऱ्यांची घरं, सांडव्याच्या बाजूला आमचा बौद्धांचा मोहल्ला. मधे विहार, आणि विहाराच्या पलीकडे राइस मिल, जिची घरघर हंगामात दिवसभर चालू असे. ती थांबली की माणसं बोलता बोलता एकदम गप्प होत, कारण मोठ्याने बोलण्याची सवय झालेली असे. घर दोन खोल्यांचं, कवेलूच्या छपराचं. सकाळी विहाराच्या भोंग्यावर वंदना सुरू झाली की माय रात्रीच्या भाताला फोडणी देई. हिरवी मिरची, कांदा, वर जवसाची चटणी. तोच माझा डबा. संध्याकाळी भात आणि लाखोळीची डाळ. भाकर फक्त पाहुणे आले की, आणि ते कधी जातात याची वाट बघत आम्ही ती खात असू.

बाबा करडीच्या शाळेत शिपाई होते. घंटा वाजवणं, खोल्या उघडणं, पाणी भरणं ही त्यांची कामं, आणि न लिहिलेलं एक चौथं: काही बिघडलं की 'चुकलं' म्हणणं. हेडमास्तरांची कपाटाची किल्ली एकदा सापडेना. बाबा म्हणाले, "चुकलं सर, माझ्याकडूनच कुठं पडली असन." किल्ली दुपारी हेडमास्तरांच्याच खिशातून निघाली. घरी येऊन त्यांनी हे हसत सांगितलं. मायला हसू आलं नाही. "मंग तुम्ही चुकलं काहून म्हनलं?" बाबा म्हणाले, "म्हनलं का विषय संपते." त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं या एका वाक्यावर गेली होती आणि ती सुखाने गेली होती, असं त्यांचं मत होतं.

माय मैनाबाईंच्या बांध्यांवर कामाला जाई. धानाचा रोवणा लावायचा, निंदण करायचं, धान कापायचा. मैनाबाई गावातल्या मोठ्या शेतकरीण. नवरा लवकर गेला, शेती त्यांनी उभी केली, आणि मुलगा धनराज हाताशी आल्यावरही बांधावर उभं राहणं सोडलं नाही. त्यांच्या शेतावर आमच्या मोहल्ल्यातल्या बायांना पाणी वरून ओंजळीत ओतलं जाई, आणि आमचे चहाचे कप शेतातल्या झोपडीच्या छपरात वेगळे खोचलेले असत. माय पाणी घरून बाटलीत नेत असे. याबद्दल ती घरात कधी बोलली नाही. बाटली भरणं मात्र तिने कधी चुकवलं नाही.

सामुदायिक महाविद्यालय हे नाव मोठं होतं. प्रत्यक्षात एका जुन्या कॉलेजच्या मागच्या दोन खोल्या होत्या, एक टिनाचं शेड, आणि शेडमध्ये चाकं काढलेली एक जुनी अॅम्बुलन्स, जिच्यात आम्ही स्ट्रेचर चढवणं-उतरवणं शिकत असू. वर्षभराचा कोर्स. शिकणारे आम्ही सगळे कुठून ना कुठून परत आलेले: कोणी पोलीस भरतीत धावताना मागे पडलेला, कोणी नर्सिंगची फी ऐकून उठून आलेली. शिकवायला सैन्याच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. आम्ही त्यांना फौजी सर म्हणत असू. त्यांची मराठी अर्धी हिंदीच होती आणि धीर त्यांना अजिबात नव्हता.

खोलीच्या कोपऱ्यात रबराचा एक पुतळा होता. कमरेपर्यंतचा, पाय नसलेला, टक्कल असलेला. पोरांनी त्याचं नाव मामाजी ठेवलं होतं. हृदय थांबलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, हे मामाजीवर शिकायचं. पहिल्या दिवशी मुलींपैकी एकही पुढे झाली नाही. पोरं मागे खिदळत होती. फौजी सर म्हणाले, "इसको शरम नाही आती, तुमको क्यों आती है? मरताना माणूस पाहत नाही का कोणाचा हात आहे." मी उठले. हे धैर्य नव्हतं. मागचा एक पोरगा "मामी आली, मामी आली" म्हणाला, त्याचा राग होता. मी दोन्ही हात छातीच्या मधोमध ठेवले, कोपर सरळ केले आणि दाबलं. मामाजीच्या आतून टक् असा आवाज आला. पुरेसं खोल दाबलं की तो आवाज येई. मी थांबले नाही. सरांनी "बस" म्हटल्यावर थांबले, तेव्हा मागे कोणी खिदळत नव्हतं.

काही दिवसांनी सरांनी चौकीदाराची खाट आत आणवली. निवारीची, मधे झोळ पडलेली. मामाजीला तिच्यावर ठेवलं आणि आमच्यातल्या सर्वांत धिप्पाड पोराला दाबायला सांगितलं. तो घामाघूम झाला. टक् एकदाही आलं नाही. "आवाज काहून नाही येत?" सरांनी विचारलं. पोरगा म्हणाला, "पुतळा खराब झाला, सर." सर म्हणाले, "पुतळा ठीक आहे. तू खाट दाबून राहिला, माणूस नाही दाबून राहिला. तुमच्या गावात सगळे खाटेवर झोपतात. पहिलं काम काय? खाली घ्या. जमीन कडक असते. आधी खाली घ्या, मग बाकी." आज माझ्या हाताखाली पोरं शिकतात. तीही हेच करतात आणि तीही पुतळा खराब झाला असंच म्हणतात.

कोर्सचा गणवेश होता, निळी पँट आणि निळा शर्ट. बाकीच्या मुली तो पिशवीत आणत आणि कॉलेजात बदलत. मी घरूनच घालून निघे. बस स्टँडपर्यंत सगळं गाव ओलांडावं लागे. पानठेल्यावरची पोरं तोंडाने सायरन वाजवत. "बाजूले व्हा बे, गाडी आली!" दुसरा म्हणे, "अवं सुजाता, माझ्या बी छातीत दुखून राहिलं." मी एकदा थांबून विचारलं, "डाव्या बाजूले का मधात? हात बधिर पडला का?" त्याने उगाच हात चाचपून पाहिला. त्यानंतर सायरन वाजत राहिला, पण ते दुखणं बंद झालं. बाबा हे सगळं ऐकून होते. सायरनला त्यांनी शब्द धरलं नाही, एवढी सवलत मला मिळाली.

ती गोष्ट घडली ते दिवस रोवण्याचे होते. कॉलेजला सुटी होती. पावसाने ओढ दिली होती, म्हणून बोडीवरच्या पाण्याच्या मोटारी चालू होत्या. मी मायची न्याहारी घेऊन मैनाबाईंच्या बांधीवर गेले. बाया ओळीने वाकलेल्या, पोटऱ्यांपर्यंत चिखलात. मैनाबाई छत्री धरून बांधावर उभ्या. बोडीच्या बाजूने धनराजच्या गड्याची, उरकुडाची, आरोळी आली. मोटारीच्या पेटीशी धनराजला करंट लागला होता. उरकुडाने वाळक्या बांबूने त्याला तारेपासून सोडवलं, पाठीवर टाकलं आणि धावत झोपडीपाशी आणून खाटेवर ठेवलं. मी पोहोचले तेव्हा कोणी तळपाय घासत होतं, कोणी फोडलेला कांदा नाकाला लावत होतं. मैनाबाई उशाशी बसून "धन्या, धन्या" म्हणत होत्या.

मी मान चाचपली. ठोका लागला नाही. नाकापाशी गाल नेला. श्वास नव्हता. "गाडीले फोन करा," मी म्हटलं, आणि कोणीतरी मोबाइल काढला. मी दाबायला सुरुवात केली. पहिल्याच दाबाला खाट खाली गेली, धनराज खाटेबरोबर खाली गेला आणि वर आला. हाताला काहीच लागलं नाही. चौकीदाराच्या खाटेवर पोराला जे लागलं नव्हतं, तेच. मी म्हटलं, "खाली घ्या. याले भुईवर घ्या."

जे पुढे झालं ते समजायला आमच्याकडची एक रीत माहीत हवी. माणूस जाऊ लागला की त्याला खाटेवरून काढून भुईवर घेतात. खाटेवर जीव जाऊ नये म्हणून. खाली घेतलं म्हणजे घरच्यांनी मानलं. मग तोंडात पाणी घालतात, आणि बाया मोठ्याने रडू लागतात त्या तेव्हाच. त्या झोपडीभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाने आपल्या घरात हे पाहिलेलं होतं. मी वर्षभर 'खाली घ्या' हे शब्द एका अर्थाने घोकले होते. तिथे ते कोणीच त्या अर्थाने ऐकले नाहीत. पुढे वाकलेल्या दोन माणसांनी हात मागे घेतले. चिखलातल्या बायांमधून रडण्याचा पहिला आवाज निघाला. मैनाबाई उठल्या. "खबरदार! माझ्या पोराले खाली घ्यान तं! जिता आहे तो!"

"जिता ठेवाचा आहे म्हनूनच म्हनून राहिली," मी म्हटलं. "खाट दबते, छाती दबत नाही."

"तू कोन वो सांगनारी? डाक्टर आहे का तू?"

"नाही. पर हे मले येते."

मैनाबाईंचे दीर देवराव पुढे आले आणि माझ्या व खाटेच्या मधे उभे राहिले. चांगला माणूस, आमच्या शाळेच्या कमिटीवर होता. म्हणाले, "पोरी, गाडी येऊन राहिली ना. येऊ दे. हात नोको लावू." मला आठवतं ते इतकंच की त्यांच्या सदऱ्याचं एक बटन तुटलेलं होतं आणि मी त्या बटनाकडे बघून म्हटलं, "गाडी येतपर्यंत हा राहनार नाही." ते हलले नाहीत. बोलून हे सुटणार नव्हतं. मी त्यांच्या बगलेखालून पलीकडे गेले आणि धनराजच्या काखांत हात घातले. तो माझ्या दुप्पट होता. उचलला जाईना. तेवढ्यात पायांकडून कोणीतरी धरलं. बघितलं तर माय. कोपरांपर्यंत चिखल, लुगडं खोचलेलं. ती म्हणाली, "डोक्याकडून नीट धर, मान सांभाळ." आम्ही दोघींनी त्याला खाली घेतलं.

मैनाबाईंनी फोडलेला हंबरडा मला अजून ऐकू येतो. त्या मायच्या अंगावर धावल्या. उरकुडाने त्यांना कमरेला धरून मागे घेतलं. त्याने तसं का केलं हे मी त्याला पुढे विचारलं. तो म्हणाला, "तुले काही येऊन राहिलं होतं. आम्हाले तं कांदाच येत होता." मी गुडघ्यांवर बसले आणि दाबलं. या वेळी छाती खाली गेली आणि वर आली. मी मोठ्याने मोजत होते, कारण सर म्हणत, मोजणारा घाबरत नाही. आमच्याभोवती रडणं चालू होतं आणि त्यात माझे आकडे. कधीतरी हाताखाली कट् असं काही मोडलं. फासळी. सरांनी सांगितलं होतं: मोडेल, थांबू नका. मी थांबले नाही. हात भरून आले तेव्हा उरकुडाला शेजारी बसवलं, त्याचे तळवे जागेवर ठेवले आणि म्हटलं, "मी म्हनते तवा दाब." तोंडावर धरून श्वास द्यायची पिशवी माझ्याकडे नव्हती. काही नसेल तर फक्त दाबत राहा, हेही सांगितलेलं होतं. आम्ही आलटून पालटून दाबत राहिलो.

गाडी बांधापर्यंत आली. आतल्या डॉक्टरने उतरता उतरता विचारलं, "कोण दाबतंय? कधीपासून?" मी सांगितलं. तो म्हणाला, "सोडू नको," आणि मशीन उघडलं. झटका दिल्यावर धनराजचं अंग उडालं, तेव्हा बाया पुन्हा ओरडल्या. दुसऱ्या झटक्यानंतर डॉक्टरने मानेवर बोटं ठेवली आणि ती तिथेच राहू दिली. "आहे," तो म्हणाला. स्ट्रेचर उचलताना एका बाजूला मी होते. गाडी गेली. मी आणि माय बोडीवर जाऊन हात धुतले. न्याहारीचा डबा बांधावर तसाच राहिला होता. त्यातला भात कोंबड्यांनी खाल्ला होता.

धनराज वाचला. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून तो परत आला तो छातीला पट्टा बांधून, हळू चालत. हे इथे आधीच सांगून टाकते, कारण गावात जे सुरू झालं ते त्याच्या वाचण्याने थांबलं नाही. उलट वाढलं. मेला असता तर दुःख झालं असतं. वाचल्यामुळे बोलायला मोकळीक मिळाली. पोरीने खाटेवरून ओढून पाडलं. फासळी मोडली. जित्या माणसाला खाली घेतलं, आता त्या घरात दुसरं कोणी जाणार, कारण भुईला दाखवलेलं भुई सोडत नाही. मैनाबाईंना झोप लागत नव्हती. त्यांनी धनराजची खाट आपल्या खाटेशेजारी घेतली होती आणि रात्रभर त्याला हात लावून बघत होत्या. आम्ही हात लावला, यावर उघड कोणी बोललं नाही. खाली घेतलं, यावर बोलणं सोपं होतं.

देवराव संध्याकाळी आमच्या अंगणात आले. बाबांनी खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. देवराव म्हणाले, "बापू, वाद नाही वाढवाचा. पोरीनं वहिनीपुढं येऊन दोन शब्द म्हनाचे. चुकलं म्हनाचं. वहिनीचं मन शांत होते, विषय संपते." बाबांचं आयुष्यभराचं वाक्य त्यांच्याच अंगणात दुसऱ्याने उच्चारलं होतं. ते म्हणाले, "सांगतो तिले."

रात्रीच्या जेवणाला त्यांनी सांगितलं. पुन्हा ताटाकडे बघत. "म्हन ना. दोन शब्द आहेत."

"काय चुकलं ते सांगा. मंग म्हनते."

"चुकलं असंच पाहिजे का म्हनाले?"

"हो."

बाबांनी घास खाली ठेवला. "मी काय म्हनलो होतो? एक शब्द आला का कॉलेज बंद. म्हनशीन तं चालू ठेवतो. नाही म्हनशीन तं उद्यापासून घरी." आता मला काय पणाला लावायचं आहे, हे नीट कळलं. माफी मागितली की कोर्स पुरा होणार होता, गाडीवरचं प्रशिक्षण मिळणार होतं, सगळं मिळणार होतं. पण मग पुढच्या झोपडीत, पुढच्या खाटेपाशी, मी कोणत्या तोंडाने 'खाली घ्या' म्हणणार होते? मी म्हटलं, "नाही म्हनत." गणवेश धुऊन दोरीवर वाळत होता. मी तो तसाच राहू दिला आणि दुसऱ्या दिवशी बस माझ्याशिवाय गेली. त्याच्या पुढच्या दिवशीही. मी घरात बसून होते आणि मला एकदाही रडू आलं नाही, हे मी इथे नोंदवून ठेवते, कारण माय सगळ्यांना उलट सांगत असते.

मग धनराज स्वतः आला. छातीवर तळवा धरून, एकेक पाऊल टाकत. माय त्याला बसायला चटई देत होती, तो म्हणाला, "नोको काकू, खाली बसलो तं उठता येत नाही. फासळी." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सुजाता, तू मायले म्हनून टाक वो एकदा. ती जेवत नाही. मलेबी जेवू देत नाही. घडीघडी नाकापुढं हात धरून पाहते. मी झोपलो का उठवते, जिता आहे का म्हनून."

"मंग मी चुकलं म्हनल्यानं ते थांबन का?"

"थांबन असं देवराव काका म्हनते."

"तुम्ही काय म्हनता? खाटेवरच ठेवाले पाहिजे होतं का?"

धनराजने बराच विचार केला. तो प्रामाणिक माणूस होता. "मले काय माहीत?" तो म्हणाला. "मी तं नव्हतो तिथं."

बाबा दारात उभे होते. त्यांच्या तोंडातून हसू निसटलं आणि त्यांनी ते खोकल्यात दाबलं. माय मात्र हसली नाही. ती चुलीपासून उठून आली. "धनराज, पायाकडून मी धरलं होतं. अर्धं वजन मी उचललं. मले काहून नाही कोनी माफी मांगाले सांगत? मी मजुरीन आहे म्हनून? का मी ऐकनार नाही म्हनून?" धनराज म्हणाला, "काकू, तुमचं नाव निंघालंच नाही." माय म्हणाली, "काढ मंग. घरी जाऊन सांग. पोरीनं माफी मांगाची असन तं आधी मायनं मांगाची. आनि माय मांगत नाही." तो उभाच होता. जाताना त्याने मला विचारलं, "लय जोर लावला होता का गं? अजून दुखते." मी म्हटलं, "जेवढा पाहिजे तेवढा." तो मान हलवत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना सुरू व्हायच्या आत बाबांनी सायकल बाहेर काढली. मी झाडत होते. "गनवेश घाल," ते म्हणाले. "बस जाईन." मी विचारलं, अटीचं काय? ते टायर दाबून बघत होते. "एक शब्द आला का बंद, असं म्हनलो होतो. आता अख्खा गाव बोलून राहिला. एवढे शब्द कोन मोजते?" माय डबा घेऊन आली. फोडणीच्या भातावर तिने त्या दिवशी अंडं फोडून घातलं होतं.

स्टँडच्या पानठेल्यावर देवराव होते. सायरन वाजवणारी पोरंही होती, पण वाजवला नाही. मोठी माणसं काय बोलतात हे त्यांना ऐकायचं होतं. देवराव म्हणाले, "काय बापू, पोरगी निंघाली का?"

"निंघाली."

"आनि ते माफीचं काय झालं?"

बाबांनी सायकल स्टँडला लावली. शाळेत घंटा देण्याआधी ते घड्याळाकडे बघत, तसे ते देवरावांकडे बघत होते. "देवराव भाऊ," ते म्हणाले, "चुकलं असतं तं मीच म्हनून टाकलं असतं. मले सवय आहे." बस आली. भंडाऱ्याजवळच्या कारध्याच्या पुलावर येईपर्यंत मी मागे वळून बघितलं नाही. वर्गात फौजी सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: "फासळी कोणती?" मी सांगितलं. ते म्हणाले, "ठीक है. बैठो."

मैनाबाईंनी त्या हंगामापासून मायला कामाला बोलावलं नाही. माय दुसऱ्यांच्या बांध्यांवर गेली, बाटली घेऊनच. मी कोर्स पुरा केला, गाडीवर लागले, मोहाडी आणि आसपासचे रस्ते पाठ झाले. किती घरांत 'खाली घ्या' म्हटलं आणि किती घरांत हंबरडा ऐकला, ते मोजलेलं नाही. काही वाचले. बरेच वाचले नाहीत. नवीन पोरांना मी सांगते, आधी घरच्यांना सांगा की का खाली घेताय, पण सांगता सांगता घ्या. परवानगीची वाट बघू नका. मैनाबाई रस्त्यात दिसल्या की मी नमस्कार करत असे आणि त्या पदर सावरून दुसरीकडे बघत. हे अनेक वर्षं चाललं. त्यात कोणी बदल केला नाही.

त्या पुष्कळ म्हाताऱ्या झाल्या आणि दीर्घ आजारात पडल्या. एका सकाळी धनराजचा फोन आला. मी सुटीवर गावातच होते. "सुजाता, येतं का? मायचं काही खरं नाही." मी गेले. मागून मायही आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. मैनाबाई खाटेवर होत्या. श्वास लांब लांब अंतराने येत होता, आणि घरातली सगळी माणसं भिंतीला लागून उभी होती. कोणी खाटेला हात लावत नव्हतं. सगळी माझ्याकडे बघत होती. मी नाडी धरली, डोळे पाहिले, आजाराचे कागद धनराजने आधीच दाखवले होते. इथे दाबायचं काही नव्हतं. धनराज हळूच म्हणाला, "घ्याचं का?"

"हो," मी म्हटलं. "आता घ्या."

तरी कोणी पुढे होईना. मग मी डोक्याकडून धरलं, मान सांभाळून. मायने पायांकडून धरलं. धनराजने भुईवर चादर सारखी केली. खाली घेतल्यावर मैनाबाईंनी एकदा डोळे उघडले आणि आम्हा दोघींकडे बघितलं. धनराजने पाण्याचा पेला आणला. तो माझ्या हातात दिला आणि मी त्यांचे ओठ ओले केले. त्या गेल्या तेव्हा बाया मोठ्याने रडू लागल्या. माय तेवढा वेळ थांबली, मग उठून निघाली. चुकलं असं त्या घरात कोणी म्हटलं नाही. त्यांनी नाही, आणि मीही नाही.